माल कोरा ठेवा, रंग शेवटी द्या

दरवर्षी डिसेंबर उजाडला की पुढच्या वर्षाचा 'रंग' जाहीर होतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्याची छायाचित्रे येतात, रंगकंपन्यांचे प्रतिनिधी नवी शेडकार्डे घेऊन दुकानांतून फिरू लागतात आणि थोड्याच दिवसांत गिऱ्हाईक मोबाईलवरचे चित्र पुढे धरून विचारते, "हा रंग आहे का तुमच्याकडे?" रंगाचे दुकानदार, पडदे व सोफ्याचे कापड विकणारे, लॅमिनेट आणि टाइल्सचे व्यापारी, सुतार, पॉलिशवाले, पेंटर या सर्वांना या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. पुण्याच्या बोहरी आळीपासून जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारापर्यंत आणि भिवंडी-मालेगावच्या मागांपर्यंत आपले कितीतरी बांधव याच धंद्यांवर पोट भरतात. म्हणून घराच्या रंगाचा हा विषय केवळ शौकाचा नाही, तो रोजीचा आहे.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. जाहीर झालेल्या रंगामागे धावून त्यात भांडवल अडकवणे लहान व्यापाऱ्याला परवडणारे नाही. मात्र त्याकडे पाठ फिरवून बसणेही शहाणपणाचे नाही. वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे ते ओळखावे, माल शक्यतो कोरा ठेवावा आणि रंग अगदी शेवटी, गिऱ्हाइकाच्या मागणीनंतर द्यावा. लहान माणसाची बरकत यातच आहे.

हा रंग ठरवतो कोण?

'वर्षाचा रंग' म्हणून ज्याचा सर्वाधिक गाजावाजा होतो तो अमेरिकेतील पॅन्टोन या कंपनीचा असतो. ही कंपनी घर रंगवायचा रंग बनवून मोठी झालेली नाही. छपाईवाल्यांना एकच छटा सगळीकडे सारखी मिळावी म्हणून तिने १९६३ मध्ये क्रमांक दिलेल्या छटांची पद्धत काढली आणि त्या छटांची पुस्तके हाच तिचा मुख्य व्यवसाय झाला. वर्षाचा रंग जाहीर करण्याची प्रथा तिने २००० या वर्षापासून सुरू केली. पहिला रंग आकाशी निळा होता. २०२१ मध्ये एकाऐवजी दोन रंग आले, राखाडी आणि पिवळा. २०२३ मध्ये गडद किरमिजी गुलाबी, २०२४ मध्ये पीचच्या फळासारखा फिकट रंग, २०२५ मध्ये कॉफीसारखा तपकिरी आणि २०२६ साठी चक्क पांढरा! आपल्या आजोबांनी चुन्याची फक्की कालवून जो रंग भिंतीला दिला, त्याला 'क्लाउड डान्सर' असे नाव मिळाले इतकेच.

आता गंमत पाहा. २०२५ साठी पॅन्टोनने तपकिरी रंग सांगितला. त्याच वर्षासाठी ड्यूलक्सने पिवळा सांगितला आणि आपल्याकडील एशियन पेंट्सने आमसुलाकडे झुकणारा 'कार्डिनल' सांगितला. वर्ष एकच, कंपन्या तीन आणि रंगही तीन. लोकांच्या घरांत खरोखर एकच रंग येणार असता तर या जाणकारांचे एकमत झाले असते. वर्षाचा रंग हा बाजाराचा अंदाज कमी आणि कंपनीची जाहिरात अधिक असतो. मोठ्या कंपनीला ती जाहिरात परवडते, कारण शेडकार्डावरच्या शेकडो छटांपैकी कोणतीही विकली गेली तरी पैसा तिच्याच गल्ल्यात जातो. आपल्या दुकानाचे तसे नसते.

नावे बदलतात, दिशा हळू बदलते

मग या सगळ्याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो एका वर्षाच्या नावात नाही, काही वर्षांच्या वळणात आहे. जुन्या घरांतून पोपटी, गुलाबी, आकाशी डिस्टेंपर असे. फ्लॅट आले तसा मोतिया आणि क्रीम रंग आला. २०१० नंतरच्या दशकात राखाडीची लाट आली. भिंत राखाडी, सोफा राखाडी, टाइल्सही राखाडी. आता ती थंड लाट ओसरू लागली आहे आणि मातीच्या उबदार रंगांकडे ओढा दिसतो. एशियन पेंट्सचा २०२४ चा रंग 'टेरा' होता, म्हणजे मातीच होती. त्याच्या पुढच्या वर्षीचा कॉफीचा तपकिरी आणि आमसुली याच घराण्यातले. २०२६ चा पांढरासुद्धा थंड निळसर पांढरा नाही. येत्या वर्षासाठी कोणतेही नाव जाहीर झाले तरी बदामी, विटकरी, गेरू, शेवाळी आणि मोतिया या घराण्याला मागणी राहील, असे आम्हांस वाटते.

ही गोष्ट आपल्या कारागिरांच्या पथ्यावर पडणारी आहे. हे रंग आपल्याला नवे नाहीत. गेरू, पिवडी, कत्थई, बदामी, आमसुली ही नावे कोणत्याही परदेशी कंपनीच्या आधीची आहेत. गिऱ्हाइकाने 'मोका मूस' म्हटले तर गोंधळू नये. तो बदामी आणि कत्थई यांच्या मधला रंग आहे. कच्छमधील खत्री कारागीर अजरखच्या कापडावर नीळ, मंजिष्ठेचा लाल आणि लोखंड व गूळ कुजवून केलेला काळा हे रंग पिढ्यान्‌पिढ्या छापत आले आहेत. असे पडदे, चादरी, उशांचे अभ्रे यांना मातीच्या रंगाच्या भिंतीशेजारी चांगली मागणी येते. मात्र यंत्रावर छापलेले कापड हातठशाचे म्हणून विकू नये. ते पाप तर आहेच, शिवाय त्याने खऱ्या कारागिराचे पोट मारले जाते.

पाऊण माल विकूनही मुद्दल बुडते

समजा, एका पडदेवाल्याने वर्षाच्या रंगाचे एक लाख रुपयांचे कापड भरले आणि शेकडा वीस नफ्याने विकायला काढले. त्यातले तीन चतुर्थांश कापड पूर्ण भावाने विकले गेले, तर हाती ९० हजार रुपये येतात. म्हणजे पाऊण माल विकून मुद्दलही वसूल झाले नाही. दहा हजार रुपये आणि सगळा नफा फळीवर पडून आहे. पुढच्या डिसेंबरात नवा रंग येतो आणि तो चौथा हिस्सा 'गेल्या वर्षीचा' ठरतो. दुकानाचे भाडे, नोकराचा पगार आणि वीज यांचा हिशेब अजून केलेलाच नाही. हा माल व्याजाच्या पैशाने भरला असेल तर दुहेरी नुकसान. व्यवहारही गेला आणि व्याजाचा गुन्हाही माथी आला. जकातीच्या वेळी दुकानातील माल चालू बाजारभावाने मोजला की अशा पडलेल्या मालाची खरी किंमत डोळ्यांसमोर येते. तोपर्यंत ती झाकलेली असते.

यावर उपाय एकच, आणि तो प्रत्येक धंद्यात आपापल्या परीने करता येतो.

रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीन असेल तर तयार छटांचे डबे रचण्याची गरज नाही. पांढरा बेस, मधला बेस आणि गडद छटांसाठीचा पारदर्शक बेस एवढा साठा पुरतो. मशीन क्रमांकाप्रमाणे रंगद्रव्य टाकून हवी ती छटा करून देते. परंतु एकदा रंग टाकलेला डबा कंपनी परत घेत नाही. म्हणून छटेचा क्रमांक कागदावर लिहून, गिऱ्हाइकाची सही आणि निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय मशीनला हात लावू नये.

कापडवाल्याने कोरे कापड जास्त आणि रंगवलेले कमी ठेवावे. मागावरून उतरलेले कोरे कापड थांबू शकते, रंगवलेले थांबू शकत नाही. इटलीच्या बेनेटन कंपनीने लोकरी कपडे आधी कोरे विणून, मागणी पाहून मग रंगवण्याच्या युक्तीने १९७० च्या दशकात मोठे नाव कमावले. आपल्याकडे माग आहेत, रंगारी आहेत, अंतरही फार नाही. उणीव आहे ती दोघांत आगाऊ बोलणी करून ठेवण्याची.

फर्निचरवाल्याने लाकूडकाम पूर्ण करून पॉलिश बाकी ठेवावे. कोऱ्या लाकडावर सागाचा, अक्रोडाचा किंवा काळपट रंग चार दिवसांत चढतो. चढलेला रंग उतरवायचा तर मजुरी दुप्पट होते.

लॅमिनेट आणि टाइल्स यांना हा नियम लागू करता येत नाही, कारण रंग कारखान्यातूनच येतो. तेथे दुकानात नमुन्यांचे फोल्डर ठेवावे आणि माल मागणीनंतर उचलावा. टाइल्स घेताना सर्व पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री करावी, कारण एकाच डिझाइनच्या दोन बॅचमध्ये छटा बदलते. तुटफुटीसाठी थोड्या पेट्या जास्त घ्यायला गिऱ्हाइकास आधीच सांगावे. मागाहून तीच छटा मिळेल याचा भरवसा नसतो.

अलीकडे रंगधंद्यात चुरस वाढली आहे. २०१९ मध्ये जेएसडब्ल्यू आणि २०२४ मध्ये बिर्ला ओपस हे मोठ्या उद्योगसमूहांचे रंग बाजारात उतरले. दुकानदारापुढे योजना, बक्षिसे आणि सहली ठेवल्या जातात. योजनेचा फायदा जरूर घ्यावा, पण बक्षिसासाठी फळ्या भरू नयेत. न विकलेल्या डब्यांवर कंपनीचे बक्षीस म्हणजे आपल्याच पैशाने केलेली सहल होय.

ज्ञान विका

मोठ्या रंगकंपन्या आता स्वतःच घर रंगवून देण्याची सेवा विकतात. मोबाईलवर नोंदणी केली की त्यांचा माणूस मोजमाप घ्यायला येतो. काल जो उस्ताद पेंटर स्वतः ठेका घेत होता, तो अशा व्यवस्थेत रोजावर काम करणारा मजूर होण्याची भीती आहे. या स्पर्धेत स्वस्ताई करून टिकाव लागणार नाही. कंपनीच्या चित्रात जे नाही आणि आपल्या हाताला जे ठाऊक आहे, ते ज्ञान गिऱ्हाइकापुढे मांडले तरच टिकाव लागेल.

पहिली गोष्ट उजेडाची. मोहल्ल्यातील घरे एकमेकांना चिकटलेली असतात, खिडकी एखादीच असते. अशा खोलीत चारही भिंतींना गडद तपकिरी दिला तर दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल. तेथे तीन भिंती मोतिया आणि एकच भिंत गडद, हा सल्ला द्यावा. शेडकार्डाचा तुकडा बोटभर असतो. तोच रंग भिंतभर पसरला की अधिक तीव्र दिसतो. पिवळसर बल्बखाली बदामी खुलतो, पांढऱ्या ट्यूबखाली तोच मळकट वाटतो. म्हणून दोन बाय दोन फुटांचा नमुना प्रत्यक्ष भिंतीवर लावून सकाळी, दुपारी व रात्री दाखवावा. एका छोट्या डब्याच्या खर्चात पुढचा सगळा वाद टळतो.

दुसरी गोष्ट पांढऱ्याची. पांढरा म्हणजे सोपा रंग, असा समज आहे. प्रत्यक्षात जुळवायला तोच सर्वांत अवघड. एक पांढरा पिवळसर, दुसरा निळसर, तिसरा करडा. पडद्याच्या कापडात टिनोपॉलसारखे उजळवणारे द्रव्य असेल तर ते दिवसाच्या उजेडात निळसर झळाळते आणि शेजारची भिंत पिवळी पडल्यासारखी दिसते. पांढऱ्याची मागणी आली तर भिंत, पडदा आणि टाइल यांचे नमुने एकाच जागी, एकाच उजेडात ठेवून मगच होकार घ्यावा.

तिसरी गोष्ट टिकण्याची. गेरू, पिवडी, तपकिरी हे लोहाच्या ऑक्साइडपासून होणारे रंग ऊन सोसतात आणि सिमेंटमधील क्षारही सोसतात. नीळही चुन्यात टिकते. चुन्यात नीळ घालण्याची जुनी रीत उगाच पडलेली नव्हती. याउलट भडक लाल, गुलाबी आणि काही पिवळ्या छटा बाहेरच्या भिंतीवर उन्हाने लवकर उडतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्यावर तर निदान चार आठवडे कोणताच रंग लावू नये.

चौथी गोष्ट हिशेबाची. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीच्या भिंती ४४० चौरस फूट होतात. दारे-खिडक्या वजा करता पावणेचारशे-चारशे उरतात. चांगल्या इमल्शनच्या एका लिटरात दोन हात धरून साधारण शंभर ते सव्वाशे चौरस फूट होतात, म्हणजे साडेतीन-चार लिटर पुरतात. गडद छटेला बहुधा तिसरा हात लागतो आणि तिचे रंगद्रव्यही महाग असते. हे काम सुरू होण्याआधीच लिहून द्यावे. अर्ध्या कामानंतर सांगितलेला खर्च खरा असला तरी लबाडीचा वाटतो.

ओली भिंत आणि ओले धान्य

प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेच्या बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरून कोरडे दिसणारे धान्य आतून ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. पण आतून ओल असलेल्या भिंतीवर पुट्टी फासून वर नवा कोरा रंग देणारा त्या विक्रेत्याहून वेगळे काय करतो? पहिल्या पावसात खार फुटतो, पोपडे पडतात आणि गिऱ्हाईक म्हणते, रंगच खराब होता. ओल कोठून येते ते आधी दाखवावे, गळती बंद करायला सांगावे. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर तसे लिहून घ्यावे. एखादे काम हातचे जाईल, पण नाव राहील.

असाच प्रश्न टोकनांचा आहे. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी टोकन ठेवण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली. आता पुष्कळ ठिकाणी त्याची जागा मोबाईलवर स्कॅन करायच्या कोडने घेतली आहे. मजुरी मालक देतो आणि बक्षीस कंपनी देते. अशा वेळी चार डब्यांच्या जागी पाच मागवण्याचा मोह होणारच. टोकन घेण्याविषयी शरीअतचा हुकूम उलेमांना विचारावा. आमची सूचना एवढीच की मालकापासून ते लपवू नये आणि टोकनासाठी एक लिटरही जास्त मागवू नये. मालकाने विश्वासाने सोपवलेला पैसा ही अमानत आहे.

तिसरी बाब आरोग्याची आहे. घरगुती रंगांतील शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ मध्ये केला आणि तो नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. डब्यावर तसा उल्लेख नसेल तर तो माल स्वस्त म्हणून उचलू नये. जुन्या दारे-खिडक्यांवर, विशेषतः पिवळ्या व लाल ऑइलपेंटमध्ये, शिसे असण्याचा मोठा संभव असतो. ते कोरडे घासले की धूळ पेंटरच्या छातीत आणि घरातील लहान मुलांच्या पोटात जाते. पाणी मारून घासावे, तोंडाला मास्क लावावा, मुलांना दूर ठेवावे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

शोभा आणि उधळपट्टी

घर नीटनेटके आणि शोभिवंत ठेवण्यास इस्लामची मनाई नाही. डोंगरांतील पांढऱ्या, तांबड्या आणि गडद काळ्या पट्ट्यांकडे कुरआनने सूरह फातिरमध्ये लक्ष वेधले आहे. रंग ही अल्लाहची निशाणी आहे. परंतु चांगली भिंत केवळ 'गेल्या वर्षीची' म्हणून खरवडणे ही उधळपट्टी होय. गिऱ्हाइकास तसे सांगण्याचे धैर्य व्यापाऱ्याने दाखवावे. चार भिंतींऐवजी एक भिंत, सोफ्याऐवजी अभ्रे, पूर्ण पडद्याऐवजी झालर बदलून घर नवे दिसते. असा सल्ला देणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी पूर्ण घराचे काम त्यालाच देते.

एक शेवटची सूचना हंगामाची. २००४ ते २००६ या वर्षांत रमजान ईद आणि दिवाळी जवळजवळ आल्या होत्या आणि रंगारी मिळत नव्हते. २०२५ मध्ये ईद ३१ मार्चला झाली आणि ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०३० मध्ये ती फेब्रुवारीच्या सुरुवातीस येईल. म्हणजे शाबानमधील घरसफाईचा व रंगकामाचा हंगाम येती काही वर्षे कोरड्या, थंड दिवसांत पडेल. रंग वाळायला याहून चांगले दिवस नाहीत. दसरा-दिवाळीचा एक आणि शाबानचा दुसरा, असे दोन वेगळे हंगाम आपल्या हाती आहेत. पहिल्या हंगामात कोणत्या छटा गेल्या त्याची वही ठेवावी आणि दुसऱ्याची खरेदी त्या वहीवरून करावी. आपल्या गावाचा कल त्या वहीत दिसेल. परदेशातून आलेल्या शेडकार्डात तो सापडणार नाही.

रंग दरवर्षी नवे नाव घेऊन येतील आणि जातील. भांडवल मोकळे, हात कसबी आणि जबान खरी असलेल्या व्यापाऱ्याला कोणत्याही रंगाचे भय नाही. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो.